केवळबाईची दुपार

अरणी नदीवर अजून पूल झाला नव्हता, बोरसांडला जायला बैलगाडीची एकच वाट होती, आणि आज गावात जे सर्वांत म्हातारं माणूस आहे त्याच्या आजीची आजी तेव्हा रांगत होती. त्या दिवसांतली ही हकिकत. खरी किती आणि सांगता सांगता वाढलेली किती, ते ज्याने त्याने ठरवावं. बोरसांडचे लोक मात्र ती पुऱ्या विश्वासाने सांगतात, आणि सांगताना आवाज जरा खाली आणतात.

बोरसांडच्या वरच्या अंगाला अरणीला दगडी बंधारा होता. बंधाऱ्यातून पाट निघे आणि गावाच्या खालच्या जमिनीत उतरे. त्या जमिनीचे चार मोठे तुकडे पाडलेले होते, त्यांना फड म्हणत. गावातल्या प्रत्येक घराची एकेक पट्टी चारही फडांत असे, म्हणजे चांगली जमीन सगळी एकाकडे आणि खडकाळ दुसऱ्याकडे असं होत नसे. पाण्याचंही तसंच. फडाच्या शेपटाकडचं, सर्वांत लांबचं शेत आधी भिजायचं, आणि पाटाच्या तोंडाशी ज्याचं शेत त्याने शेवटपर्यंत थांबायचं. पाटील असो की मोळीविक्या, क्रम हाच.

आणखी एक नियम होता, आणि तो फार कडक होता. आपल्या शेताचं दार आपल्या हाताने उघडायचं नाही. दार म्हणजे काय, तर पाटाच्या काठाला माती आणि गवताचा बोळा घालून बुजवलेली जागा. ती फावड्याने मोकळी केली की पाणी शेतात शिरतं. मालकानेच दार उघडलं तर तो ते दोन घटका जास्त उघडं ठेवणार, मग तो कितीही सज्जन असो, हे त्या गावाने फार पूर्वीच ओळखलं होतं. म्हणून दारं धरायला, म्हणजे उघडायला आणि मिटायला, गावाने एक माणूस नेमलेला असे. तो पाटकरी. सुगीला प्रत्येक घर त्याच्या पदरात धान्य टाकी आणि त्यावर त्याची चूल चाले.

लोटन नावाचा पाटकरी होता. भाद्रपदात तो हिवतापाने गेला. अश्विनात त्याच्या बायकोला, केवळबाईला, मुलगी झाली. मुलीचं नाव ठेवलं सुपडी. सव्वा महिना झाल्याबरोबर केवळबाई पाठीला झोळी बांधून, हातात नवऱ्याचं फावडं घेऊन पाटावर उभी राहिली. तिला वाटलं, दोन-चार दिवस बघतील आणि घरी धाडतील.

पंचमंडळी बसली. हिलाल पाटील मंडळींत मोठे. ते वाईट नव्हते. पण त्यांना काळजी करायची सवय होती आणि काळजी करताना त्यांचा आवाज चढे.

"अंगावर पिणारं पोर आहे तिचं," ते म्हणाले. "पाळी एका दिवसाची असते. दिवस बुडाला की पाणी दुसऱ्या फडाला जातं. ही पोराला घेऊन बसली आणि एक पाळी मोडली, तर गहू परत हिरवा होतो का?"

"लोटनला तरी कुठे घाई होती?" झिपरू हवालदार म्हणाला. हा पाटावरचा देखरेख करणारा, गुडघ्यांनी अधू. "तो तर बांधावर गाणी म्हणत बसायचा."

"गाणी म्हणायचा, पण पाळी मोडली नाही त्याने कधी."

शेवटी ठरलं ते असं. केवळबाईने पाटकरीण म्हणून राहावं. पण एक पाळी जरी मोडली, एक शेत जरी दिवस बुडताना कोरडं राहिलं, तरी त्याच संध्याकाळी फावडं खाली ठेवायचं. मग काम दुसऱ्याला. घरही पाटकऱ्याचं होतं, तेही सोडायचं.

केवळबाई हो म्हणाली. मनात म्हणाली, आठ दिवसांत हे लोक ओळखतील की आपल्याला काहीच येत नाही. ना दारं धरता येत, ना लेकरू सांभाळता येत. बाकीच्या बायका हे सगळं पोटातूनच शिकून आल्यासारख्या दिसत. तिला मात्र अजून सुपडी झोपली की श्वास चालू आहे ना, म्हणून दर चार पावलांनी मागे हात नेऊन पाहावं लागे.

पण दारं तिला येत होती. पाणी कुठे कुरकुरतं, कुठे गप्प झिरपतं, हे तिला पायाला कळे. आठ दिवस गेले, पंधरवडा गेला, पाळी मोडली नाही. आणि मग दुसरंच सुरू झालं.

पाटकरीण ही गावातली एकच बाई अशी, की जी रोज सगळ्या गावाजवळून चालत जाई. बंधाऱ्यापासून शेपटापर्यंत कोसभर वाट, आणि वाटेत प्रत्येकाचं दार, शेताचं नव्हे, घराचं. पहिल्यांदा कोण म्हणालं ते आता कोणाला आठवत नाही. पण कोणीतरी म्हणालं, "केवळ, तू जातेच आहेस ना तिकडे, तर एवढं ताकाचं गाडगं आमच्या माणसाला दे."

दिलं तिने. वाटेतच होतं.

दुसऱ्या दिवशी दुसरी म्हणाली, "तू जातेच आहेस, तर कुंभाराला सांग की आमचा रांजण गळतोय." तिसरा म्हणाला, "जातेच आहेस, तर वैदूबुवांकडून गुडघ्याचं तेल आण." हा झिपरू. मग कोणाची म्हैस व्याली का ते बघून ये. कोणाच्या मुलीला सोयरीक सांगून आली, तिचा होकार पोचव, पण हसत पोचव, रडका चेहरा नको. दोन जावांचं भांडण लागलं, तर एकीचं दुसरीला सांग आणि दुसरीचं पहिलीला, पण शिव्या वगळून. कोणाच्या पायात काटा मोडला, तुझ्या हाताला बारीक कामाची सवय आहे. खालच्या आळीत ताप आला आहे म्हणे, बघून ये खरं का खोटं. मारुतीच्या देवळातला दिवा विझला असेल, जातेच आहेस.

आणि प्रत्येकाचं काम खरोखरच लहान होतं. हीच तर अडचण होती. एवढ्याशा कामाला नाही कसं म्हणायचं? नाही म्हटलं तर म्हणतील, दारं धरायला लागली तशी चढली. शिवाय सुपडी आजारी पडली, तर ह्याच बायकांकडे धावायचं होतं.

लिहिता तिला येत नव्हतं. म्हणून प्रत्येक काम आठवायला ती पदराला एक गाठ मारी. काम झालं की सोडी. कार्तिक सरताना रोजच्या चार गाठी असत. मार्गशीर्षात दहा. पौष लागला, आणि पदर इतका आखडला की डोक्यावरून घेता येईना.

"काय वं केवळ," पाणवठ्यावर एकजण म्हणाली, "पदराची हळकुंडं केलीस की काय?"

"हो," केवळबाई म्हणाली. "वाळली की विकते."

बायका हसल्या. त्यांच्यातल्या दोघींनी जाताजाता एकेक काम सांगितलं.

रात्री मुलगी झोपू देत नसे आणि दिवसा गाव. केवळबाईला चालता चालता डोळा लागे म्हणतात. पाय चालत राहत आणि ती आत कुठेतरी झोपलेली असे. एकदा तर ती झोपेतच दोन शेतं भिजवून आली, आणि जागी झाल्यावर परत भिजवायला गेली.

पौषातली चौथ्या फडाची पाळी आली. गहू लोंबीवर आला होता. उत्तरेचं कोरडं वारं सुटलेलं. ह्या एका पाण्यावर दाणा भरायचा होता. पाणी चुकलं तर लोंब्या उभ्या उभ्या पोकळ होणार. चौथ्या फडात अठरा शेतं. पाटाच्या तोंडाशी हिलाल पाटलांचं, आणि अगदी शेपटाला उखाचं. उखा म्हणजे मोळ्या विकून पोट भरणारा माणूस, त्याची सगळ्यात अरुंद पट्टी.

उजाडताच केवळबाई निघाली. शेपटाला जाऊन उखाचं दार आधी उघडायचं. पण पहिल्याच घराशी हाक आली. मग दुसऱ्या. वैदूबुवांकडे तेल घ्यायला गेली, तर ते म्हणाले, "आलीच आहेस तर खलबत्त्यात एवढं कुटून दे, माझा खांदा धरलाय." पाटलीणबाईंनी मजुरांच्या भाकऱ्यांचं टोपलं डोक्यावर दिलं. कुंभार म्हणाला, रांजणवाल्यांना सांग, रांजण तयार आहे, आणि त्या घरच्यांनी म्हटलं, मग येताना घेऊन ये. सूर्य डोक्यावर आला. पदराला बावीस गाठी झाल्या, आणि अठरा शेतांपैकी एकाचंही दार उघडलं नव्हतं.

तेव्हा सुपडी रडली. भुकेची रडली. केवळबाई पाटाशी आली होती, जिथे चौथ्या फडाचं पाणी मुख्य पाटातून वेगळं होतं. तिथे एक मोठा चपटा दगड होता. ती त्यावर टेकली. टोपलं एकीकडे, तेलाची कुपी दुसरीकडे. मुलीला पदराखाली घेतलं. पायांची आग होत होती, म्हणून उजवा पाय पाण्यात सोडला, नेमका पाण्याच्या तोंडाशी.

ती मनात म्हणाली, हिचं पोट भरेपर्यंतच.

आणि झोपली.

पुढचं सांगताना बोरसांडचे लोक नेहमी म्हणतात, "असं म्हणतात हं, आम्ही काही पाहिलं नाही." म्हणतात की वाहतं पाणी तिच्या पायाशी आलं आणि थांबलं. अडकलं नाही, थांबलं. जसं एखादं माणूस दारात येतं, आत कोणी झोपलेलं पाहतं, आणि उंबऱ्याबाहेरच उभं राहतं, तसं. मागचं पाणी येत गेलं आणि त्याच्यापाठी उभं राहत गेलं. काठावरून सांडलं नाही, खाली पडलं नाही. वीतभर उंच झालं, मग हातभर. काचेसारखं स्वच्छ, आणि आत दोन-चार मासोळ्या गोंधळून फिरत होत्या.

पाण्याला तिची दया आली असं काहीजण सांगतात. काहीजण सांगतात की दया वगैरे काही नाही. पाणीही दमलं होतं. तेही जातच होतं ना सगळीकडे, म्हणून सगळ्यांनी त्यालाही कामाला लावलेलं.

गावाला आधी कळलं ते कानाने. पाटाचा आवाज बोरसांडला जन्मापासून येत असे, इतका की तो येतो हे कोणाच्या ध्यानातच नसे. तो बंद झाला. जात्यावरच्या बायका थांबल्या. कोणाला वाटलं आपल्याच कानाला दडा बसला. लोक घराबाहेर आले, पाटाच्या काठाकाठाने चालत निघाले, आणि चपट्या दगडाशी येऊन उभे राहिले.

पाहिलं तर केवळबाई मान टाकून झोपलेली, पोर झोपलेलं, आणि त्यांच्या शेजारी कमरेएवढी पाण्याची भिंत.

हिलाल पाटलांना पाण्याआधी सूर्य दिसला. "दिवस कलला!" ते ओरडले. "केवळ! ऊठ! एक शेत भिजलं नाही अजून!"

ती हलली नाही. पण पाणी वीतभर वर चढलं.

"केवळ, माझं तेल!" झिपरू म्हणाला. पाणी आणखी वीतभर चढलं.

मग सगळ्यांनीच हाका सुरू केल्या. केवळ, ऊठ माय. केवळ, म्हशीचं काय झालं? केवळ, माणसं उपाशी आहेत आमची. हाकेगणिक पाणी चढे. छातीएवढं झालं, गळ्याएवढं झालं, पुरुषभर झालं. त्याची सावली आता माय-लेकींवर पडली होती. भिंत कोसळली असती तर दोघी तर गेल्याच असत्या, पण खालचा चौथा फडही मुळासकट वाहून गेला असता. आणि तरीही लोक हाकाच मारत होते. केवळबाईला हाक मारण्याखेरीज दुसरं काय करायचं असतं, हे त्या गावाला माहीतच नव्हतं.

गर्दीत मागे उखाची आई उभी होती. नथाबाई तिचं नाव. ती ठार बहिरी होती. उत्तर ऐकू येत नसल्यामुळे तिने कित्येक वर्षांत कोणालाच हाक मारली नव्हती. तिला फक्त एवढंच दिसलं, की माणसं तोंडं उघडतात आणि पाणी चढतं. तिने लोकांना कोपराने ढकललं, पुढे आली, आणि मागे वळून ओठांवर बोट ठेवलं.

गाव गप्प झालं. पाणी चढायचं थांबलं.

मग नथाबाई वाकली. केवळबाईच्या बाजूला ठेवलेली तेलाची कुपी उचलली, आणि ती नेऊन झिपरूच्या हातात दिली. वर त्याच्या गुडघ्याकडे बोट दाखवून अशी मान हलवली, की तो म्हातारा लाजला.

पाणी वीतभर उतरलं.

सगळ्यांनी ते पाहिलं. पाटलीणबाई पुढे झाल्या, भाकऱ्यांचं टोपलं त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि मजुरांकडे चालू लागल्या. उन्हात त्यांना कोणी तसं चालताना पाहिलं नव्हतं. पाणी आणखी उतरलं. म्हैसवाला म्हशीकडे गेला. सोयरिकीवाला होकार घेऊन स्वतः गेला, आणि चेहरा त्याचाच रडका होता. दोन्ही जावा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मध्ये सांगणारं कोणी नव्हतं, आणि आवाज काढायची सोय नव्हती. मग त्यांनी नुसते हातवारे केले. ते भांडण जगात सर्वांत छोटं झालं म्हणतात.

केवळबाईचा पदर दगडावरून खाली लोंबत होता. लोक लांबून गाठी मोजत होते. ही माझी, ही तुझी. आपली गाठ एवढीशी, असं प्रत्येकाला वाटलेलं. सगळ्या एका पदराला पाहिल्या, तेव्हा काहींनी मान फिरवली.

बावीस कामं उचलली गेली. पाणी आता कमरेशी आलं, पण त्याखाली जाईना. मोठं काम राहिलंच होतं. अठरा दारं.

सूर्य चांगलाच उतरला होता. सगळे हिलाल पाटलांकडे पाहू लागले. पाटलांच्या कपाळावर घाम. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "नियम आहे. मालकाने आपलं दार उघडायचं नाही. मी मोडला, तर उद्यापासून सगळेच मोडतील."

हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच कोणी हललं नाही. अठरा घरची अठरा माणसं फावडी घेऊन उभी होती, आणि समोर गहू वाळत होता.

उखा पुढे आला. तोही कुजबुजला. "पाटील, आपलं उघडायचं नाही ना?"

"नाही."

"मग तुम्ही माझं उघडा. मी तुमचं उघडतो."

इतक्या वर्षांत हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. येणार कसं? केवळबाई होती, लोटन होता, त्याच्याआधी त्याचा बाप होता. दुसऱ्याच्या शेतापर्यंत चालत जायची वेळच कोणावर आली नव्हती.

पाटलांनी जोडे काढले, फावडं खांद्यावर घेतलं आणि शेपटाकडे निघाले. उखाची पट्टी सगळ्यांत लांब, त्यामुळे त्यांना सगळ्यांत जास्त चालावं लागलं. उखा मागून एवढंच म्हणाला, "डाव्या अंगाने जा, पाटील. उजवीकडे काटे आहेत." मग सगळी माणसं पांगली. जो तो दुसऱ्याच्या बांधावर जाऊन उभा राहिला. आपल्या बांधावर कोण उभं आहे हे पाहायला मान वळत होती, पण प्रत्येकाने ती आवरली.

पाटलांनी शेपटाचं दार फोडलं. क्रमाप्रमाणे मग पुढच्या बांधावरच्याने पुढचं, मग त्याच्या पुढच्याने त्याच्या पुढचं. आणि साठलेलं पाणी केवळबाईच्या घोट्याला वळसा घालून निघालं. तिच्या लुगड्याचा काठही ओला झाला नाही म्हणतात. ते इतकं होतं आणि इतकं नेमकं चाललं, की अठरा शेतं एकदम भिजू लागली. कुठे बांध फुटला नाही. लोंब्या खालून वर ताठ होत गेल्या. आणि हे सगळं बिनआवाजाचं. पाणी चवड्यांवर चालत गेलं.

सूर्य बांबूभर उरला तेव्हा केवळबाईने डोळे उघडले. आधी हात सुपडीच्या पोटाकडे गेला. श्वास चालू होता. मग तिला माणसं दिसली, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, सगळी तिच्याकडे बघत असलेली.

ती दचकून म्हणाली, "मला कोणी हाक मारली का?"

"नाही," सगळं गाव म्हणालं. बोरसांडने एकजुटीने बोललेलं हे पहिलं खोटं.

मग तिला सूर्य दिसला. तिने कपाळावर हात मारला. "पाळी मोडली!" मुलीला काखेत आणि फावडं हातात घेऊन ती शेपटाकडे धावत सुटली. कोणी अडवलं नाही. उखाच्या शेतात तिचा पाय घोट्यापर्यंत रुतला. तिने दुसऱ्या शेतात पाय घातला, तिसऱ्यात घातला. पायाला सगळं कळत होतं. पाणी पुरेसं आहे, सारखं आहे, कुठे कमी-जास्त नाही.

तिला आनंद व्हायला हवा होता. तिथे चिखलात उभी राहून तिला रडू आलं. तिला वाटलं, संपलं. आपल्यावाचून ह्यांचं भागतं हे ह्यांना आज कळलं.

झिपरू हवालदार दुखऱ्या गुडघ्यांनी तिथवर आला आणि त्याने मोठ्याने सांगितलं, "चौथा फड भिजला. दिवस बुडायच्या आत भिजला. पाळी मोडलेली नाही."

पाटील काट्यातून गेलेच होते शेवटी, लंगडत आले. म्हणाले, "केवळ, फावडं तुझंच. घर तुझंच. हे पुन्हा कोणी पंचांत काढणार नाही. मी तर नाहीच."

"पाटलांनी घातलेला बोळा गळतोय बरं का," उखा म्हणाला. "उद्या केवळलाच नीट करावा लागेल."

सगळे हसले. मग उद्या हा शब्द ज्याच्या त्याच्या ध्यानात आला, आणि हसणं जागच्या जागी विरलं.

त्या संध्याकाळी केवळबाई पदराच्या गाठी सोडत बसली. बावीस सुटल्या. एक तेविसावी निघाली. ती कशाची, हे तिला काही केल्या आठवेना. बहुतेक स्वतःच्याच कामाची असावी, जेवणाची वगैरे. तिने ती तशीच ठेवली.

गाव त्यानंतर पार बदललं, असं कोणी सांगत नाही. बोरसांडच्या लोकांना तेवढी लाज आहे. पंधरा दिवस कोणी तिला काही सांगितलं नाही. माघ निम्मा झाला, तेव्हा एकीने भीत भीत म्हटलं, "केवळ, तू जातेच आहेस..." होळीपर्यंत पदराला पुन्हा सात-आठ गाठी होत्या. बावीस मात्र परत कधी झाल्या नाहीत. तिने पुढे चाळीस वर्षं दारं धरली, आणि एकही शेत कोरडं राहिलं नाही. शेवटी काय झालं ते दोन तऱ्हांनी सांगतात. एक तऱ्हा अशी, की ती एका पौषात पाटाच्या पाण्यावर पाय ठेवून चालत गेली आणि दिसेनाशी झाली. दुसरी अशी, की ती सुपडीच्या सासरी जाऊन राहिली, आणि तिथे रोज दुपारी जेवून झोपायची. बोरसांडच्या बायकांना दुसरी जास्त आवडते.

आता अरणीवर पूल आहे. गावात नळाला पाणी येतं, निदान यायचं असतं तेव्हा येतं. पाणी सोडणारा माणूस आहे, वायरमन आहे, अंगणवाडीच्या बाई आहेत, आशाताई आहेत. ह्या सगळ्यांना गाव वर्षभर वाटेत गाठून म्हणतंच, जातेच आहेस तर. पण पौषात चौथ्या फडाची पाळी येते, त्या दिवसाला केवळबाईची दुपार म्हणतात. त्या दिवशी ग्रामपंचायतीचा भोंगा बंद असतो. फोन घरी धान्याच्या कोठीत ठेवायचे. कोणाला नावाने हाक मारायची नाही. काम असेल तर उठून त्या माणसापर्यंत जायचं आणि शक्यतो ते स्वतःच करायचं. अठरा घरची माणसं फावडी घेऊन दुसऱ्याच्या बांधावर उभी राहतात. कोणी कोणाचं दार धरायचं, ते आदल्या दिवशी पोरांकडून चिठ्ठ्या उचलून ठरतं.

आणि गावात जिचं मूल वर्षाच्या आतलं असेल, तिच्यासाठी चपट्या दगडापाशी लिंबाच्या सावलीत खाट टाकतात. मऊ गोधडी, शेजारी झाकून ठेवलेलं जेवण. लेकरू तिच्या कुशीत. तिने झोपायचं. एवढंच तिचं काम. ज्या वर्षी गावात तान्हं मूल नसतं, त्या वर्षी आशाताईंना झोपवतात. गेल्या काही वर्षांत दोनदा त्यांचाच नंबर लागला, आणि दोन्ही वेळा त्या खाटेला पाठ टेकायच्या आत घोरू लागल्या.

नवी आई मात्र लवकर झोपत नाही. सवय नसते. सगळं गाव आपल्यासाठी उन्हात उभं आहे, ह्या विचारानेच तिला घाम फुटतो. ती डोळे मिटते, उघडते. लेकराच्या पोटावर हात ठेवते. आपण नीट झोपतो आहोत ना, असं तिला वाटत राहतं. म्हाताऱ्या लांब बसून कावळे हाकलतात, तेही नुसत्या हाताने. कधी तास जातो, कधी दोन. एका वर्षी ऊन पार कललं होतं आणि पाटील आडनावाचा एक तरुण घड्याळाकडे बघू लागला, तर शेजारच्याने त्याच्या मनगटावर हात ठेवला. अठरा शेतांतला गहू उभा असतो, पाणी तोंडाशी येऊन थांबलेलं असतं, आणि कोणी घाई करत नाही.

मग केव्हातरी तिचा हात लेकराच्या पोटावर सैल पडतो. खाटेशी बसलेली म्हातारी ते पाहते आणि नुसतं बोट वर करते. ते बांधाबांधावरून दिसतं. आणि शेपटाकडचं पहिलं दार उघडतं.